आईच्या मागे बापाचे घर



जलदान विधी आटोपतो. बौद्धाचार्य निघून जातात, पाहुणे जेवून आपापल्या गाडीच्या वेळा विचारू लागतात, आणि मग घराच्या एका कोपऱ्यात दबक्या आवाजात तो प्रश्न निघतो, "आता लेकरू कोनापाशी राहीन?" आईबाप एका घरात नांदत असतील तर हा प्रश्न निघत नाही. परंतु नवराबायको वर्षानुवर्षे वेगळे राहत असतील, बाप एका गावी आणि आई लेकराला घेऊन माहेरी असेल, आणि अशात आईच गेली, तर हा प्रश्न सर्वांच्या आधी त्या लेकराच्या कानी पडतो. ते पलीकडे झोपल्याचे सोंग घेऊन पडलेले असते.

लहान लेकराचे एक असते. तीन-चार वर्षांचे मूल आजीच्या मांडीवर रुळून जाते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलीचे तसे नाही. बाप कधी गेला, का गेला, त्याने किती वेळा पैसे पाठवले आणि किती वेळा नाही, आईने कोणाकोणाच्या घरची धुणीभांडी केली, हा सारा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. आणि एके दिवशी त्याला सांगण्यात येते की आता त्याच बापाकडे जा, त्यालाच बाबा म्हण. आजच्या लेखात आम्ही याच लेकरांविषयी बोलणार आहोत.

आमच्या वऱ्हाडात अशा लेकरांचा पहिला आसरा म्हणजे मामाचे घर. गाडगेबाबांचेच पाहा ना. २३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूपायी गेले आणि माता सखुबाई लहानग्या डेबूजीला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आपल्या माहेरी आली. मामाकडे गुरे राखीत, शेतात राबत डेबूजी मोठा झाला. आजही आमच्या वस्त्यांमध्ये मामा-मावशी, आजी-आबाजी हीच माणसे अशा वेळी पुढे होतात, आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. पण मामाची मजुरी रोजची, त्याची स्वतःची तीन लेकरे आणि राहायला टिनाची दीड खोली. दोन-तीन महिन्यांत मामी बोलत नसली तरी तिच्या भांड्यांचा आवाज बोलू लागतो. मग कोणीतरी बापाचा फोन नंबर शोधून काढतो.

आईवाचून वाढलेल्या आणि बापावर रुसलेल्या मुलाचे उदाहरण शोधायला आम्हांला दूर जावे लागत नाही. दर १४ एप्रिलला आम्ही बाबासाहेबांच्या बालपणीच्या गोष्टी लेकरांना सांगतो. शाळेतले गोणपाट सांगतो, पाण्याची बंदी सांगतो, आणि ते सांगायलाच पाहिजे. पण सांगताना त्या गोष्टींतले घर आम्ही गाळून टाकतो. आज ते घर पाहू.

सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांची चौदा अपत्ये. त्यांपैकी पाच जगली. १८९६ साली भीमाबाई साताऱ्यात गेल्या तेव्हा सर्वांत धाकटा भिवा पाच वर्षांचा होता. घर सांभाळायला रामजींची बहीण मीराआत्या होती. ती जिवापाड माया करणारी, पण शरीराने अधू. पुढे सुभेदारांना खटाव तालुक्यात गोरेगाव येथे नोकरी लागली. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तळे खोदायला काढले होते, त्या कामावर ते खजिनदार. मुले साताऱ्यातच राहिली. भिवा, त्याचा मोठा भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीची दोन मुले असे चौघे होते. शाळेत जायचे आणि आल्यावर स्वयंपाकही करायचा. आत्याला उठवून बसवावे लागे, मग चूल कोण पाहणार? भाकरी काही मुलांना थापता येईना. म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवायचे आणि तेच खायचे. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. आईवाचूनच्या घरातली ही चूल आमच्या कित्येक लेकरांना चांगली ओळखू येईल. आज पुलावाच्या जागी मॅगी असते एवढेच.

बाप नोकरी सोडून येऊ शकत नव्हता. त्याने पत्र लिहिले की उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे या. ते साल १९०१. मुलांनी तोवर आगगाडी पाहिली नव्हती. नवे सदरे आले, जरीच्या टोप्या आल्या, नवे जोडे आले. येत असल्याचे उलट पत्र टाकून मुले निघाली आणि संध्याकाळी मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणीच आले नव्हते. पुढचे आपण सर्व जाणतो. मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे घेऊन, आणि तेही मुलांनीच गाडी हाकावी या अटीवर, एक गाडीवान कसाबसा तयार झाला. रात्र टोलनाक्यावर काढली. जवळ डबा होता पण पाणी मिळाले नाही म्हणून मुले उपाशी निजली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती गोरेगावी पोहोचली, तेव्हा बाप चकित होऊन पाहत राहिला. मुलांचे पत्र त्याला मिळालेच नव्हते. नोकराच्या हाती ते आले होते, पण त्याने ते दिले नाही.

ही कथा अस्पृश्यतेची आहे आणि तशीच ती सांगितली पाहिजे. परंतु तिच्यात बाप आणि लेकरांमध्ये हरवलेले एक पत्रही आहे. त्या रात्री नाक्यावर तहानेने तळमळताना आपला बाप आपल्याला का घ्यायला आला नाही, हे त्या मुलांना ठाऊक नव्हते. सुभेदारांचा नोकर निष्काळजी निघाला. आमच्या घरांत मात्र निरोप विसरला जात नाही, तो दडवला जातो. बापाचा फोन येतो, आजी उचलते आणि "पोट्टी घरी नाई" म्हणून ठेवून देते. बापाने पाठवलेला ड्रेस पेटीच्या तळाशी जातो. इकडे बापही तेच करतो. आईने तापाच्या वेळी पाठवलेली चिठ्ठी नव्या बायकोच्या भीतीने फाडून टाकतो. पंधरा वर्षांनी ते लेकरू म्हणते, "थो मले कधी भेटाले आलाच नाई." ते खोटे बोलत नसते. त्याच्यापर्यंत जेवढे पोहोचले तेवढेच ते सांगते.

सुभेदारांनी दुसरे लग्न केले. जिजाबाई घरात आल्या. सावत्र आई आपल्या आईचे दागिने अंगावर घालते हे भिवाला सहन होईना, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. बापाच्या आधारावर जगायचे नाही, मुंबईला पळून जायचे, गिरणीत काम धरायचे, असे या मुलाने ठरवले. पण मुंबईच्या भाड्याला पैसे हवेत. आत्या कमरेला पैशांचा बटवा खोचून त्याच्याशेजारीच भुईवर निजत असे. तीन रात्री त्याने तो काढायचा प्रयत्न केला, जमले नाही. चौथ्या रात्री बटवा हाती लागला. आत निघाला अर्धा आणा.

या अर्ध्या आण्यापासून त्यांनी अभ्यासाचा निश्चय केला, एवढेच आम्ही भाषणात सांगतो. पण बटवा कोणाचा होता याकडे लक्ष द्या. राग होता बापावर आणि हात गेला तो आत्याच्या कमरेला, जिने त्याला वाढवले तिच्या. अशी तक्रार आम्ही फार ऐकतो. "आम्ही इतकं केलं तरी हे पोट्टं आमच्यावरच भडकते" असे आजी म्हणते, मावशी म्हणते. अहो मावशी, ज्या माणसावर भडकल्याने घर जाणार नाही याची खात्री असते, त्याच्यावरच लेकरू भडकते. जो बाप एकदा निघून गेला आहे त्याच्यावर भडकायची त्याला हिंमत होत नाही, कारण तो पुन्हा जाईल.

१९०४ साली सुभेदार मुलांना घेऊन मुंबईला आले. लोअर परळच्या डबक चाळीत एक खोली मिळाली. भिवा तेरा वर्षांचा होता, म्हणजे आम्ही ज्या वयाविषयी बोलत आहोत त्याच वयाचा. तीच खोली स्वयंपाकाची, तीच निजण्याची, तीच अभ्यासाची. धूर, लाकडे, भांडी, उशाशी जाते आणि पायाशी शेळी. दोघांना एका वेळी अंग टाकायला जागा पुरेना. म्हणून सुभेदार मुलाला लवकर निजवीत आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत. दोन वाजता त्याला उठवीत आणि मग त्या जागेवर आपण आडवे होत. मुलगा घासलेटच्या दिव्यापुढे अभ्यासाला बसे.

आता पुस्तके. भिवाला शाळेच्या पुस्तकांपलीकडची पुस्तके लागत. सुभेदार पेन्शनीवर जगणारा माणूस. पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलीच्या घरी जात आणि उसने मागत. तिच्याजवळ रोख नसेल तर तिचा एखादा दागिना घेत, सावकाराकडे गहाण टाकत, पुस्तक आणत आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत नेऊन देत. ज्या घरात आईच्या दागिन्यांवरून मुलाचे मन दुखावले होते, त्याच घरात आता लेकीच्या दागिन्यावर मुलाची पुस्तके येऊ लागली.

बापाने दुसरे लग्न का केले याची समजूत घालून हा मुलगा परत जवळ आला, असे काही चरित्रात दिसत नाही. दिसतो तो रात्री दोनपर्यंत जागणारा बाप. आम्हांला सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती हीच. तुटलेला बाप लेकराजवळ परत येतो तेव्हा त्याची जीभ पुढे असते. तुझ्या आईचेही चुकले, तुझ्या मामाने मला घरात घेतले नाही, मी किती सोसले, हे सांगायची त्याला घाई असते. त्यात खरेही असेल. पण ज्याची आई मागच्या पावसाळ्यात गेली त्या लेकरापुढे मेलेल्या बाईची उलटतपासणी घ्यायची नसते. त्याला दहावीची पुस्तके लागतात, शाळेची फी लागते, सायकलचे पंक्चर काढून लागते. ते करावे, आणि करताना मोजू नये.

आमच्या कामाच्या ओघात पाहिलेले एक घर सांगतो. नाव-पत्ता अर्थातच देत नाही. आई लेकीला घेऊन अमरावतीत माहेरी राहत असे, घरोघरी पोळ्या लाटत असे. बाप अकोल्यात, दालमिलमध्ये हमाली करणारा. दहा-बारा वर्षे येणे-जाणे बंद. त्याने दुसरे घर केले होते आणि एक मुलगाही होता. आई आजाराने गेली तेव्हा मुलगी दहावीत होती. बाप मातीला आला, मागे उभा राहिला आणि कोणाशी न बोलता परतला.

पुढे त्या दोघांची गाठ पडली ती मायेने नव्हे, कागदाने. आम्ही कारकुनी करणारी माणसे, आम्हांला याचे नवल वाटत नाही. अकरावीला, पुढच्या शिक्षणाला जातीचा दाखला लागतो, नंतर त्याची पडताळणी लागते, आणि त्यासाठी पुरावे लागतात ते बापाच्या बाजूचे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. म्हणजे आजोबा-पणजोबाच्या शाळेचा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा किंवा कोतवाल बुकाची नक्कल. आई आयुष्यभर राबली तरी तिच्या बापाचा कागद इथे सहसा चालत नाही. (केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० साली मिळाल्या, त्यासाठी समाजाने किती वर्षे झुंज दिली हे आजच्या मुलांना ठाऊक नसते. पण तो वेगळा विषय.) तेव्हा मामाने नाइलाजाने फोन केला आणि बाप प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आला. त्याने दोन दिवसांची मजुरी बुडवून गावच्या शाळेतून आपल्या वडिलांचा उतारा काढून आणला होता. तहसीलबाहेरच्या टपरीवर चहा झाला. मुलगी एवढेच म्हणाली, "इथं सही करा." अहो-जाहो. बापाला ते लागले असावे, पण तो काही बोलला नाही.

त्यानंतर तो महिन्यातून एका रविवारी येऊ लागला. सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरायचे, तिथून ऑटोने यायचे. पहिले तीन-चार रविवार मुलगी मैत्रिणीकडे निघून जाई. हा सासूजवळ बसे. एकदा त्याने घरावरची गळकी टिने बदलून दिली. शिकवणीची फी त्याने मुलीच्या हाती न देता शिकवणीत जाऊन भरली आणि पावती आजीजवळ ठेवली. मामाने आम्हांला विचारले, "यानं इतक्या वर्सांचं पाप फिटते का?" आम्ही म्हटले, फिटते की नाही हे ठरवणारे तुम्ही आणि आम्ही कोण? ते ठरवील ती मुलगी, आणि तिला कसलीही घाई नाही.

उन्हाळ्यात ती आठ दिवसांसाठी अकोल्याला गेली आणि पाचव्या दिवशी परत आली. सावत्र आई वाईट नव्हती. तिने हौसेने हिला जवळ घेतले आणि म्हणाली, "आता मीच तुही माय." बस, तेवढ्यावर बिनसले. त्या बाईचा हेतू चांगला होता, पण ती जागा रिकामी नव्हती. पुढच्या खेपेस मुलगी आईचा फोटो पिशवीत घालून घेऊन गेली. बापाने तो भिंतीवर, तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खालच्या खुंटीला लावला. नव्या बायकोने तोंड फिरवले, पण काढला नाही. तो फोटो आजही तिथे आहे. मुलगी आता बापाला "बाबा" म्हणते का? नाही. "ते" म्हणते. सावत्र भाऊ मात्र हिला ताई म्हणतो आणि ती त्याचा गृहपाठ घेते.

घरातल्या फोटोवरून सांगतो. मेलेल्या आईचे नाव त्या घरात मोकळेपणी निघाले पाहिजे. तिचा स्मृतिदिन आला तर वंदना घ्यावी, लेकराला तिच्या हातच्या भाजीची आठवण झाली तर ऐकून घ्यावी. नव्या बाईने मन मोठे करावे असे सांगणे सोपे आहे, आणि पुरुष ते फार सांगतात. खरे तर हे काम बापाचे आहे. आईची भांडी, तिचे मणी, तिचे लुगडे लेकरासाठी बाजूला ठेवणे हे त्याने पहिल्याच दिवशी केले, तर पुढच्या अर्ध्या कटकटी टळतात. भिवाच्या मनाला काय बोचले होते ते वर आलेच आहे.

आणि एक खुलासा. आम्ही बापाविषयी लिहीत आहोत, परंतु कित्येक घरांत उलट असते. बाप जातो आणि दूर असलेली आई उरते. आमच्या या कापसाच्या पट्ट्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी कितीतरी घरे उघडी पाडली. कुठे सासरच्यांनी जमिनीच्या हिश्शापायी सुनेला माहेरी धाडले आणि नातू ठेवून घेतला. कुठे तरुण विधवेने दुसरा संसार मांडला. पंधरा वर्षांचा तो मुलगा मग आईचे नाव काढत नाही. समाजाचा दुटप्पीपणा असा की पुरुषाने दुसरे लग्न केले तर "घर सांभाळाले बाई पायजे" म्हणतात, आणि बाईने केले तर "लेकरं टाकून गेली" म्हणतात. लेकरू हेच ऐकून मोठे होते. अशा आईने मुलाला भेटायला यावे, पुन्हा पुन्हा यावे, आणि आजी-आबाजींनी दारातून परतवू नये. मुलगा बोलला नाही तरी चालेल. ती आली होती हे त्याला कळू द्या.

मात्र एक गोष्ट आम्ही ठासून सांगतो. जो बाप दारू पिऊन आईला मारत होता, ज्याच्या भीतीने ती लेकरांना घेऊन रात्री पळाली, त्याच्याकडे केवळ "रक्ताचा आहे" म्हणून लेकरू पाठवू नका. विशेषतः मुलीला. तो बदलला असेल तर त्याने ते वर्षभर, आमच्या तुमच्या देखत, दाखवावे. लेकरू जर म्हणत असेल की मला भीती वाटते, तर तिथे बैठक बसवून समजूत काढायची नसते. १०९८ हा बालकांच्या मदतीचा फोन आहे, तो लावायचा असतो.

कायद्याचे थोडे सांगितले पाहिजे, कारण बाप येऊन म्हणतो, "कायद्यानं पोट्टी माही आहे." १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आम्हां बौद्धांनाही लागू आहे. त्याप्रमाणे नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. इथपर्यंत बापाचे खरे. परंतु त्याच कायद्याचे १३ वे कलम सांगते की अज्ञानाचे कल्याण हीच सर्वांत मोठी गोष्ट. आणि १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या १७ व्या कलमात म्हटले आहे की मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पश्चिम बंगालमधले एक प्रकरण आले होते. आई वारलेली, मुलगा आईच्या आईवडिलांकडे, आणि बाप ताबा मागत होता. केवळ नैसर्गिक पालक म्हणून मूल त्याच्या हाती देता येणार नाही, मुलाचे हित आणि त्याची इच्छा पाहिली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या लेकराला कायदाही विचारतो. मग आमच्या बैठकीत आठ मोठी माणसे त्याच्या डोक्यावरून बोलतात आणि त्यालाच विचारत नाहीत, हे कसे? विचारा. सर्वांपुढे नव्हे, एकट्याला, ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे अशा माणसाने विचारा. आणि आज दिलेले उत्तर सहा महिन्यांनी बदलण्याची त्याला मुभा ठेवा.

काही बापांना वाटते की एकदा लेकरू घरी आले, बाबा म्हणू लागले, म्हणजे झाले. तसे होत नसते. भीमराव बी. ए. होऊन १९१३ च्या जानेवारीत बडोद्याला नोकरीसाठी निघाले तेव्हा सुभेदारांची त्याला संमती नव्हती. बापलेकात वाद झाला आणि मुलगा गेला. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. भीमराव निघाले. वाटेत सुरत स्टेशनावर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. घरी पोहोचायला उशीर झाला. सुभेदार मुलाची वाट पाहत जीव धरून होते. मुलगा आला, त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. २ फेब्रुवारी १९१३ ला ते गेले. ज्या मुलाने एकदा या बापापासून पळून जाण्यासाठी बटवा चोरला होता, तो त्याच्यासाठी मिठाई घ्यायला उतरला होता.

आता कामाचे. आईबापांपैकी एक गेलेला असेल आणि लेकरू अठरा वर्षांच्या आतले असेल, तर राज्य शासनाच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. ही योजना सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने चालते. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करायचा. अमरावतीला आणि अकोल्याला दोन्हीकडे ते कार्यालय आहे. मृत्यूचा दाखला, लेकराचे आणि सांभाळणाऱ्याचे आधार कार्ड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड आणि बँकेचे पासबुक यांच्या झेरॉक्स काढून ठेवा. मृत्यूचा दाखला एकदम चार-पाच प्रतींत घ्या, तो पुढे वर्षभर लागत राहतो. बापाच्या गावी जायचे ठरले तर शाळा सोडल्याचा दाखला सत्राच्या मध्येच काढू नका, दहावीचा फॉर्म भरला असेल तर मुळीच नाही. परीक्षा होईस्तोवर आजीकडे राहू द्या, बापाने रविवारी यावे. आणि या कागदांसाठी लेकराला एकट्याला खिडकीपुढे उभे करू नका. तिथला बाबू "आईचे नाव? हयात की मयत?" असे मान वर न करता विचारतो. त्या वेळी शेजारी मोठे माणूस असावे. ते बाप असेल तर उत्तमच.